सतरा नळ

त्या संध्याकाळी मी एकूण सतरा नळ बंद केले आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन जेवायला गेले.

लेहच्या त्या हॉटेलात उत्तरेच्या अंगाला सतरा खोल्या होत्या, खाली आठ आणि वर नऊ. सगळ्या रिकाम्या. आणि प्रत्येक खोलीतल्या बेसिनचा नळ दोऱ्याएवढ्या धारेनं खुशाल वाहत होता! मी मनमाडची. आमच्याकडे नळाला पंधरा-अठरा दिवसांनी पाणी यायचं. ते यायच्या दिवशी लग्नं पुढे ढकलली नाहीत एवढंच, बाकी सगळं पुढे ढकललं जायचं. आई तर गळक्या नळाखाली तांब्या ठेवून तो भरेपर्यंत राखण करायची. त्यामुळे वाहता नळ दिसला की माझा हात डोक्याला न विचारताच पुढे जातो. तसा तो सतरा वेळा गेला.

खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. एकही नळ बिघडलेला नव्हता. पिळला की मुकाट बंद होत होता. सतरा नळ एकाच मापाच्या धारेनं गळतील कसे? पण मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, पुण्याच्या कंपनीनं खास देखभालीसाठी पाठवलेली सुवर्णा गांगुर्डे. मला शंका आली ती एवढीच, की इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला आता दिसत नसावं.

हे मिस्त्री म्हणजे मेमे फुंचोक. मेमे म्हणजे लडाखीत आजोबा. सत्तरीचे, बुटके, एका कानानं बहिरे, आणि हॉटेलच्या भिंतीतल्या सगळ्या नळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलेल्या. मी आल्यावर पहिले चार दिवस विरळ हवेनं डोकं बांधून पडून होते. पाचव्या दिवशी उठले तेव्हा ते मला एवढंच म्हणाले होते, "उत्तरेकडचं सगळं मी बघितलंय." मी मान हलवली होती. काय बघितलंय ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुभेदारसाहेबांच्या आवाजानंच मी जागी झाले. होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवून मी स्वयंपाकघरात धावले.

सुभेदार साळुंखे हे हॉटेलचे मॅनेजर. साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि गावी जायचं सोडून इथंच राहिले. आमच्यात मराठी, बाकीच्यांशी हिंदी. पण त्यांची हिंदीही साताऱ्याचीच होती, त्यामुळे इथं लिहिताना मला फारसं काही बदलावं लागत नाही.

"पानी बंद, बॉयलर बंद!" ते मेमेंच्या पुढ्यात उभे राहून ओरडत होते. "आनि आजच! हॉकीच्या पोरी बारा वाजता दारात येनार, त्यास्नी काय बर्फ चोखायला देऊ?"

ते ओरडत होते त्याला कारण होतं. हे हॉटेल दर वर्षी नोव्हेंबरात बंद व्हायचं. नळ्या रिकाम्या करायच्या, कुलूप लावायचं आणि एप्रिलमध्ये उघडायचं. या वर्षी सुभेदारसाहेबांनी मालकांच्या हातापाया पडून ते हिवाळ्यात चालू ठेवलं होतं. बर्फावरच्या हॉकीचा मुलींचा संघ पंधरा दिवस राहायला येणार होता. ते नीट पार पडलं तर दर हिवाळ्यात हॉटेल चालू राहणार, नाहीतर पुन्हा कुलूप.

बाहेर उणे चोवीस होतं. टाकीतून निघणारी मुख्य नळी उत्तरेच्या भिंतीनं सगळ्या खोल्यांना पाणी देत शेवटी बॉयलरला जाते. ती कुठंतरी गोठली होती. बॉयलरला पाणी मिळेना म्हणून तो आपणहून बंद पडला होता. खोल्याखोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर आता निवत चालले होते. ते गोठले तर फुटणार, आणि ते फुटले तर अख्खी इमारत गेली.

मेमे वर जाऊन आले होते. ते हळूच म्हणाले, "नळ बंद आहेत. सगळे."

"बंद? म्हंजे काल तू उघडलंच न्हाईस?"

"उघडले होते." मेमे थांबले. "उघडले होते असं वाटतं."

मी बावळटासारखं विचारलं, "नळ उघडे कशाला ठेवायचे?"

सुभेदारसाहेब माझ्याकडे वळले. "आवो बाई, हालतं पानी गोठत न्हाई. उभं ऱ्हायलं की गोठतं. म्हनून थंडीत नळाला दोरा सोडायचा, बारीक. दर संध्याकाळी मेमे सोडतो. चाळीस वर्सं घरी बी हेच करतोय. आनि काल इसरला!"

डिप्लोमाच्या पुस्तकात बर्फाचा विषय एका परिच्छेदात उरकला होता, आणि त्या परिच्छेदात मनमाडच्या मुलीला काय करू नये ते लिहिलेलं नव्हतं.

मेमेंनी लोकरीची टोपी काढून हातात धरली. "विसरलो असेन," ते म्हणाले. "हल्ली होतं असं."

चुलीपाशी आंगमो उभी होती. हॉटेलचा स्वयंपाक तीच करायची. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "संपलं आता मेमेंचं. त्यांची मुलगी यांगडोल दिस्कित गावाला असते. बाबा विसरायला लागलेत म्हणून कधीची मागे लागलीय, काम सोडा आणि इकडे या. ते म्हणायचे, माझी नळी गोठेल त्या दिवशी येईन."

मी लगेच बोलले असं सांगायला मला आवडेल. पण आंगमोनं दोन कप चहा गाळला तेवढा वेळ मी गप्प होते. विमानाचं परतीचं तिकीट, कंपनीतला साहेब, आईला काय सांगायचं, हे सगळं तेवढ्यात डोक्यातून फिरून गेलं. मेमे टोपीच्या कडेवरून बोटं फिरवत होते. काल चार वाजता आपण काय केलं ते आठवायचा प्रयत्न चालला होता त्यांचा, आणि त्यांना ते नीट आठवत होतं. फक्त त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. हे मला बघवेना.

"नळ मी बंद केले," मी म्हणाले.

कुणालाच कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "काल संध्याकाळी. मला वाटलं, पाणी वाया चाललंय. मेमे विसरले नव्हते. मी बंद केले."

सुभेदारसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, आणि तो शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता, "बाई, तुमची ब्याग भरा. उद्याच्या इमानात बसा."

मेमे मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सगळे?"

"सगळे सतरा."

"उघडे होते?"

"उघडे होते, मेमे."

"वरच्या शेवटच्या खोलीतला? त्याची चावी उलटी फिरते. तोही?"

"तोही. मी आधी चुकीच्या बाजूला फिरवला, धार मोठी झाली. मग कळलं."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, कानांवरून खाली ओढली आणि भिंतीवरचा पाना काढून माझ्या हातात दिला. "बॅग मग भर," ते म्हणाले. "आधी चल."

कॉरिडॉरमधल्या थर्मामीटरवर तेव्हा अकरा अंश होते. सुभेदारसाहेबांनी काट्यापुढे बोट धरून बजावलं, "ह्यो चारवर आला की मी सगळी लाइन खाली सोडनार. मग पोरी गेल्या दुसरीकडं आनि हाटेलला कुलूप. पन फुटक्या रेडिएटरपरास कुलूप बरं. चार म्हंजे चार."

लाइन एकदा रिकामी केली की पुन्हा भरून, तिच्यातली हवा काढून गरम करायला तीन दिवस लागतात. म्हणजे आमच्याकडे होते ते सात अंश.

नळी लाकडी पेटीतून जायची. पेटी ऐंशी फूट लांब, आत लाकडाचा भुसा आणि मेंढीची लोकर ठासून भरलेली. सगळी उचकटायची तर दिवस गेला असता. मेमे टाकीच्या टोकाकडे निघाले. "तिथं सगळ्यात जास्त गारठा असतो."

"थांबा," मी म्हणाले. "वाजवून बघू."

"काय वाजवून?"

आमच्या गल्लीत नळीत गाळ अडकला की हनीफचाचा ती पान्यानं ठोकत यायचे आणि आम्ही पोरी मागोमाग कान लावत चालायचो. रिकामी नळी ठण म्हणते, भरलेली ठक् म्हणते, आणि जिथं काही अडकलंय तिथं भद्द, उशीवर बुक्की मारल्यासारखी. अठरा दिवस पाण्याची वाट बघणाऱ्या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही. मी मेमेंना घाईघाईनं सांगितलं, की बॉयलरकडचं पाणी तर बॉयलरनं ओढून घेतलंय. म्हणजे तिकडून नळी रिकामी असणार. ठण ठण वाजत जाईल आणि जिथं आवाज बसेल तिथं बर्फ.

मेमेंनी मला नीट न्याहाळलं. "माझा एकच कान चालतो. तुझे दोन्ही चालतात?"

"दोन्ही."

"मग तू ऐक. मी उघडतो."

पेटीला दर सहा फुटांवर हात जाईल एवढी झडप होती. मेमे झडप काढायचे, भुसा बाजूला करायचे, मी हातमोजा काढून पाना आत घालायची. लोखंड इतकं थंड होतं की पाना हाताला चिकटतोय असं वाटायचं. ठण. पुढची झडप. ठण. तिसरी, चौथी, ठण, ठण. आंगमो दारातून ओरडली, "नऊ!"

धोब्याच्या खोलीमागे नळी वळण घेते. तिथं मी ठोकलं.

भद्द.

पुन्हा ठोकलं. मग वीतभर अलीकडे. ठण. पलीकडे. भद्द.

"मेमे, इथं!"

त्यांनी चांगला कान पुढे करून स्वतः एकदा ऐकलं आणि खिळे काढायला सुरुवात केली. तीन फळ्या निघाल्या. तेवढ्यात सुभेदारसाहेब कुठूनतरी ज्वाळेचा स्टोव्ह पेटवून घेऊन आले, फौजेत वापरायचे तसला. मेमेंनी दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं.

"आग नको! भुसा पेटेल. आणि मधूनच तापवलं तर आतलं पाणी जाईल कुठं? नळी फुटेल. मोकळ्या टोकाकडून यायचं. वीत, वीत."

"मग कशानं तापवतोस? फुंकर मारून?"

"गरम फडकी," मेमे म्हणाले.

"आणि केस वाळवायची यंत्रं!" मी ओरडले. "प्रत्येक खोलीत एक आहे!"

मी जिन्यावरून अशी धावले की वर पोचल्यावर विरळ हवेनं डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणली पाच. पाचवं लावल्याबरोबर फ्यूज उडाला, म्हणून चार. आंगमोनं पातेलंभर पाणी उकळून गोणपाटाचे तुकडे बुडवून दिले. मी फडकी गुंडाळत होते. आणि झुपकेदार मिशांचे सुभेदार साळुंखे उकिडवे बसून दोन्ही हातांत दोन गुलाबी यंत्रं धरून नळीला वारा घालत होते. त्या अवस्थेतही मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं.

"हसा, हसा," ते म्हणाले. "पलटनीतल्या कुनी बघितलं तर माजी पेन्शन बंद करतील."

पहिली वीत झाली. दुसरी झाली. पाण्यानं माझ्या बाह्या भिजल्या आणि बर्फासारख्या गार झाल्या. आंगमो सात म्हणाली, मग सहा. तिसऱ्या वितीला मेमेंनी मला हात धरून थांबवलं. "ऐक."

मी नळीला कान लावला. आत अगदी बारीक कर्रर्र आवाज येत होता, कुणी दाताखाली खडीसाखर चावावी तसा.

"सुटतंय," मी म्हणाले.

"पाच!" आंगमो ओरडली. आणि मग, आवाज पडून, "पाचच्या खाली."

सुभेदारसाहेब उठले. हातातली यंत्रं त्यांनी आंगमोकडे दिली आणि ते बॉयलरच्या खोलीत गेले. लाइन रिकामी करायची तोटी तिथं होती. ते तोटीवर हात ठेवून उभे राहिलेले मला दारातून दिसत होते. मी फडकं पिळलं, गुंडाळलं, पुन्हा पिळलं. मेमे आंगमोला यंत्र कुठं धरायचं ते खुणेनं दाखवत होते.

नळी खोकली. खरंच खोकली, माणसासारखी. मग घशात काही अडकल्यासारखी गुळण्या करत राहिली, आणि मग बर्फाचे तुकडे खडखडत खडखडत बॉयलरच्या दिशेनं निघाले. पाठोपाठ पाणी.

"आलं!" सुभेदारसाहेबांची आरोळी आली. "पानी आलं!"

मी उभी राहायला गेले तर मेमेंनी मला खाली ओढलं. "अजून नाही." गोठताना नळीला चीर गेली असेल तर आता ती बोलणार होती. त्यांनी नळी आधी स्वतःच्या सदऱ्यानं पुसून कोरडी ठक्क केली. मग आंगमोकडून सातूचं पीठ मागवलं आणि देवाला हळद वाहावी तसं नळीवर, वळणावर, सांध्यावर भुरभुरवलं. ओल असली तर पीठ काळं पडतं. आम्ही तिघं त्या पिठाकडे टक लावून बसलो. मी मनात साठपर्यंत मोजलं, मग पुन्हा साठपर्यंत.

पीठ होतं तसंच राहिलं.

मेमेंनी चिमूटभर उचलून तोंडात टाकलं. "कोरडं," ते म्हणाले.

बॉयलर भक्कन पेटला तेव्हा काटा साडेचारवर होता. रेडिएटर टकटक करायला लागले, आधी खालचे, मग वरचे, आणि ती टकटक कॉरिडॉरमधून पुढेपुढे जाताना आम्ही चौघं नुसते ऐकत उभे होतो. आंगमोनं मला मिठी मारली. मी रडत होते की हसत होते मला सांगता येणार नाही. सुभेदारसाहेब तोंड फिरवून मिशा पुसत होते.

"ब्याग भरली का, बाई?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"वेळ कुठं मिळाला?"

"मग ऱ्हाऊ द्या. आनि नळाला हात लावायच्या आधी मानसाला इचारत जावा."

"हो, साहेब."

बरोबर सव्वाबाराला बस आली. खांद्यांवर काठ्या, गाल लालबुंद, अशा अठ्ठावीस पोरी कलकलाट करत आत शिरल्या आणि बूट काढून रेडिएटरांना पाय लावून बसल्या. चहा झाला. गरम पाण्याच्या अंघोळी सुरू झाल्या. घर भरल्यासारखं झालं.

मेमे मात्र कुठं दिसेनात. मी शोधत अंगणात गेले. उन्हात भिंतीला टेकून, चालत्या कानाला फोन लावून ते कुणाशी तरी जोरजोरात भांडत होते. लडाखी मला येत नव्हतं. माझं नाव मधूनमधून ऐकू आलं, तेव्हा मी मनाची तयारी केली. त्यांनी मला पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"यांगडोल आहे. माझं ऐकत नाही. म्हणते, तुम्ही मला गंडवताय, तुम्हीच विसरला असाल. तू सांग."

"मी काय सांगू?"

"काल काय केलंस ते. पहिल्यापासून सांग. एकही नळ गाळू नकोस."

मी फोन घेतला. मेमे समोर उभे राहिले, हात पाठीशी बांधून, हनुवटी वर करून, जणू त्यांचा सत्कार चाललाय आणि ते नम्रपणे ऐकताहेत. आतून पोरींचं हसणं येत होतं, धुराड्यातून सरळ धूर निघाला होता.

नंतरच्या बारा वर्षांत मी लेह, कारगिल, द्रास इथल्या कितीतरी इमारतींच्या नळ्या थंडीतून पार नेल्या. लोक मला बर्फाची मॅडम म्हणतात. पण आयुष्यात दुसरी कुठलीही चूक मी इतक्या मोठ्या आवाजात आणि इतक्या अभिमानानं कबूल केलेली नाही.

"यांगडोलताई," मी म्हणाले, "तुमचे वडील काही विसरले नव्हते. तळमजल्यावरच्या पहिल्या खोलीतला नळ उघडा होता. तो मी बंद केला. दुसऱ्या खोलीतला उघडा होता. तोही मी बंद केला..."